मागच्या बाकाची भाकर

२२ जानेवारी, गुरुवार

आधी मला हे सांग देवा, तुझंच घर झाडून मी खाली उतरत होते, तर तुझ्याच पायरीवर मला पाडायचं कारण काय? जय ख्रिस्त वगैरे मग म्हणेन. डावं मनगट मोडलंय. कोपरापर्यंत प्लास्टर, दीड महिना हलवायचं नाही. डॉक्टर म्हणतो, "आजी, या वयात हाडं सावकाश जुळतात." म्हटलं, या वयात माणसंही सावकाशच जुळतात, तू तुझं काम कर.

ही वही चर्चच्या पाळकीणबाईंनी दिली. बघायला आल्या, पलंगाच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "रोज एक कृपा लिहायची आजी. देवाने आज काय दिलं ते." मी तिसरी शिकलेली. पण लिहायचा हात शाबूत आहे आणि घरात माझं ऐकायला कुणाला वेळ नाही, तेव्हा लिहिते.

आजची कृपा: पाळकीणबाई फार वेळ बसल्या नाहीत.

२४ जानेवारी, शनिवार

आज खुद्द पाळकसाहेब आले. पोरगेलं माणूस. बोलताना आधी घसा खाकरतो आणि मग जे बोलायचं ते सोडून भलतंच बोलतो. हवापाणी झालं, रस्त्यावरचे खड्डे झाले, मग हळूच म्हणाले, "महिन्याच्या पहिल्या रविवारची काळजी करू नका. प्रभुभोजनासाठी आपण चकत्या मागवू. पाकिटात येतात. स्वच्छ, सगळ्या एकसारख्या."

त्या चकत्या मी एकदा खाल्ल्यात. जिभेवर पाकीटच ठेवल्यासारखं वाटतं.

चर्चच्या मंडळीला प्रभुभोजनात जी भाकर मोडून वाटतात, ती मी करते. नवरा गेला त्या वर्षापासून. यीस्ट नाही, सोडा नाही. पीठ, पाणी, चिमूटभर मीठ, तेलाचं बोट. प्रभूची प्रार्थना तीन वेळा म्हणून होईपर्यंत कणीक तिंबायची, हे माझं घड्याळ. ओल्या फडक्याखाली ठेवायची, जाड लाटायची, सुरीने वर क्रूस ओढायचा आणि जाड तव्यावर झाकून भाजायची. पाळकाने उचलून मोडली की शेवटच्या बाकाला आवाज जायला हवा. आणि आत एकदा पाकीट शिरलं की ते परत बाहेर निघत नाही, हे मला ठाऊक आहे. व्हरांड्यातल्या सतरंज्या जाऊन प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या त्याही "तात्पुरत्या"च होत्या.

म्हटलं, "भाकर येईल."

"एका हाताने?"

"हात मोडलाय, जीभ नाही. येईल म्हटलं म्हणजे येईल."

पाळकसाहेबांनी घसा खाकरला आणि पुन्हा खड्ड्यांवर गेले.

२७ जानेवारी, मंगळवार

अंघोळ. हे लिहू की नको. लिहितेच, तू तर बघितलंच आहेस.

प्लास्टरवर पिशवी बांधून सुनेने मला स्टुलावर बसवलं. पाठ चोळली, केस धुतले, पुसले, वेणी घातली. पायाच्या बोटांमधलं पाणीसुद्धा टिपलं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत ढिगाने चादरी पिळून आली होती, तरी एक टोमणा नाही. मी तिच्या जागी असते तर साबण नेमका डोळ्यात गेला असता.

माझं आणि तिचं कधी जमलं नाही, हे काही लपवायचं नाही. माझ्या मुलाची होण्याआधी ती दुसऱ्याची बायको होती. तो मारायचा. एक दिवस ती अनवाणी निघाली ती परत गेली नाही. कोर्टाने सोडवलं, मग माझ्या मुलाने लग्न केलं. तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांनी सांगितलं, मंडळीपुढे उभी राहा, नवरा सोडल्याबद्दल पश्चात्ताप झाला म्हण, मगच प्रभुभोजन. ही उभी राहिली नाही. नात जन्मायच्याही आधीची गोष्ट, आणि नात आता सातवीत आहे. तेव्हापासून ही मागच्या बाकावर बसते. भाकरीचं ताट फिरत आलं की न घेता शेजाऱ्याला देते. दोन शब्द बोलायचे होते. दोन शब्दांनी काही जीभ झिजत नाही. पण हट्टी.

शेजारणीला मीच ऐकवत असते, "अगं, कृपा ही कमवायची वस्तूच नाही, हात पुढे करायचा आणि घ्यायची." बोलायला सोपं आहे. आज पाय पुसून घेताना वाटलं, हिला निदान काहीतरी द्यावं म्हणजे फिटंफाट होईल. माझा जरीकाठाचा स्कार्फ पुढे केला तर म्हणते, "ठेवा आई, थंडीत लागेल तुम्हाला." फुकटचं घ्यायचं माझ्या हाडात नाही. हाड मोडलं तरी नाही.

कृपा: पाणी गरम होतं.

३१ जानेवारी, शनिवार

सकाळी घर रिकामं बघून परात घेतली. मुलगा डेपोत बसची इंजिनं खोलायला गेलेला, नात शाळेत. एका हाताने कणीक मळायला गेले तर परात गरागरा फिरायला लागली. पायात धरली. पाय घसरला. परात त्या भिंतीला, पीठ या भिंतीला, मी मधे. तुला त्या वेळी जे बोलले ते या वहीत लिहिण्यासारखं नाही. आठवत असेलच.

सून लाँड्रीतली पाळी संपवून आली तेव्हा मी फरशीवर बसून एका हाताने पीठ गोळा करत होते. तिने कोपरापर्यंत हात धुतले, नवीन पीठ काढलं आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली.

मी म्हटलं, "तुला चालत नाही."

"खायला चालत नाही आई. मळायला चालत नाही असं कुणी सांगितलंय?"

तसं सांगितलं खरंच कुणीच नव्हतं. म्हणजे सांगायची वेळच आली नव्हती.

मी प्रार्थना म्हणत होते, ती तिंबत होती. अपराध्यांना क्षमा करायच्या ओळीपाशी आली की तिचा हात दुप्पट जोराने पडायचा. तिन्ही वेळा. मी म्हटलं, "अगं, परात फुटेल." म्हणाली, "तिथे जोर लावल्याशिवाय होत नाही." कणकेबद्दलच म्हणाली असेल.

चादरी पिळून तिची मनगटं लोखंडाची झालीत. कणीक अशी झाली की बोट दाबलं तर हळूच वर यावं. माझ्यापेक्षा बरी, असं मी म्हणणार नाही. वेगळी.

मी हे भाकरीसाठी करतेय, तिच्यासाठी नाही. हे नीट लिहून ठेवते. पाकीट नको, एवढंच.

१ फेब्रुवारी, रविवार

मोडली. खटकन. मागपर्यंत आवाज गेला.

मी नेहमीसारखी पहिल्या बाकावर. सहसा वळून बघत नाही, आज बघितलं. ताट शेवटच्या बाकावर आलं. तिने दोन्ही हातांनी धरलं, क्षणभर भाकरीकडे बघितलं, कड नीट भाजलीय का बघावी तसं. आणि शेजारच्या शिंप्याच्या बायकोला दिलं. तिने तुकडा घेतला आणि हिने तोंड पुसावं तसा पदर ओठांना लावला.

चर्चमध्ये हल्ली धूळ फार असते. चष्मा दोनदा पुसावा लागला. झाडायला कोण आहे आता.

कृपा: लिहायची राहू दे आज.

९ फेब्रुवारी, सोमवार

वेणी घालताना मुद्दाम खोडी काढली. म्हटलं, "एवढी गुणाची आहेस तर तेव्हा दोन शब्द बोलली असतीस. आमचीही मान खाली गेली नसती."

तिचा कंगवा थांबला नाही. "चुकले असते तर उभी राहिले असते, आई. मार खायचा थांबवला, याची माफी मागायची तर कुणाकडे? ज्याने मारलं तो तेव्हा चौथ्या बाकावर बसला होता. त्याने भाकर घेतली."

"मला कुठे माहीत होतं!"

"तुम्ही पहिल्या बाकावर होता."

रागाने म्हणाली असती तर मी सोडलं नसतं. पण केसातला गुंता सोडवावा तशी हळू म्हणाली. आणि मी पहिल्याच बाकावर बसते, त्यात काय? मला ऐकू कमी येतं. मागचं दिसत नाही तिथून.

दिवसभर ते कानात पाणी गेल्यासारखं गुळगुळ करतंय. काढता येईना.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मास्तरीणबाई आल्या होत्या. शाळेतून निवृत्त झाल्या पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. मंडळीच्या पंचांत एकच बाई आहे ती ही, आणि बाकीच्या पुरुषांना तिच्यासमोर पाढे आठवत नाहीत. चार संत्री आणली आणि चाळीस उपदेश.

"विश्वास कमी पडतो तेव्हा पायरी निसटते, बरं का. घरात काही चुकीचं बसलं असेल तर देव असा इशारा देतो." असं म्हणून डोळा स्वयंपाकघराकडे.

मी म्हटलं, "देव इशारे देत असता तर तुमच्या घरचं छप्परच उडालं असतं, मास्तरीणबाई. संत्री आंबट आहेत का?"

आत सून चहा करत होती. सगळं ऐकलं तिने, भिंत ती केवढी. तरी चहा बाहेर आला तो मास्तरीणबाईंना लागतो तसाच, बिनसाखरेचा, पातळ. मी असते तर मिठाचा डबा हाताशीच होता. तिचं हे मला कळत नाही. भित्री म्हणावं तर ती नवऱ्याच्या घरातून अनवाणी निघालेली बाई. मग हे आहे काय?

नंतर मी तिला म्हटलं, "जराशी तरी चिडत जा गं, मला एकटीला किती पुरं पडणार?" तर हसली. हिला हसताना दात दिसतात हे मला माहीत नव्हतं.

१ मार्च, रविवार

आज जे झालं ते मी ठरवून केलेलं नाही, पण झालं ते बरं झालं.

भाकर कालच झाली होती. कणीक तिची, क्रूस मी ओढला. मोडली तशीच, खटकन. उपासना संपली, सगळे व्हरांड्यात चहाला. मास्तरीणबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आजी, हात मोडल्यापासून तुमची भाकर सुधारली! मी तर आज मोठा तुकडा उचलला. दुःखातून आलेल्या शुद्ध हाताची गोष्टच वेगळी."

इथपर्यंत मी गप्प होते. पुढे त्या हळूच म्हणाल्या, म्हणजे त्यांना वाटलं हळूच, "फक्त तुमच्या सुनेला त्या परातीपासून लांब ठेवा हं. निदान तेवढं तरी पावित्र्य."

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "दोन महिने तुम्ही तिच्याच हातचं खाताय. तो मोठा तुकडासुद्धा."

मास्तरीणबाईंनी तोंडावर रुमाल धरला, जणू आता परत काढता येईल. पाळकसाहेबांनी घसा खाकरला. माझा मुलगा, जो म्हणतो बोल्ट उघडायला तोंड लागत नाही, तो माझ्याकडे बघत होता, आणि मग जाऊन बायकोच्या शेजारी उभा राहिला. सून कपबशा गोळा करत होती. तिच्या हातातली एकही वाजली नाही.

४ मार्च, बुधवार

प्लास्टर निघालं. आतून जो हात निघाला तो माझा वाटत नाही. धुऊन आटलेला कपडा.

पाळकसाहेब संध्याकाळी आले. पंचांची बैठक झाली म्हणे. काय ठरलं ते ऐक, देवा, आणि हसू नकोस. ती दोन्ही प्रभुभोजनं धरायची नाहीत. येत्या रविवारी पुन्हा द्यायचं, चकत्यांचं. आणि उपासनेनंतर आम्ही दोघींनी पंचांपुढे उत्तर द्यायचं.

मी विचारलं, "धरायची नाहीत म्हणजे? पोटातून परत मागणार?"

"आजी, तसं नव्हे. विधी म्हणून..."

"आशीर्वाद कुणी दिला होता? तुम्हीच ना?"

त्यांना घामच आला. माणूस वाईट नाही. मान खाली घालून म्हणाले, "आजी, वाट आहे. हात बरा झालाय. तुम्ही एवढंच म्हणा की नाइलाज होता. आणि सूनबाईंनी ते जुने दोन शब्द म्हटले की मिटलं. चकत्या परत पाठवतो. भाकर तुमचीच. मरेपर्यंत तुमची. नाही म्हणालात तर... ती परात पुन्हा मंडळीत येणार नाही, आजी. माझ्या हातात नाही ते."

खरं सांगू? पटलं मला. क्षणभर पटलं. त्या परातीवाचून मी मंडळीत कोण आहे? पहिल्या बाकावरची एक बहिरी म्हातारी. तुझ्या घरात मी हात हलवून जागा मिळवली, तशीच बसून राहायला मला कुणी शिकवलं नाही.

५ मार्च, गुरुवार

सकाळी सून माझं मनगट तेलाने चोळत होती. खाली बघूनच म्हणाली, "आई, मी रविवारी उभी राहते. म्हणते ते दोन शब्द."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"म्हणून टाकते. तुमची भाकर राहील."

"इतकी वर्षं नाही म्हणालीस. नवऱ्यासाठी नाही, लेकीसाठी नाही."

"त्यांचं काही जात नव्हतं. तुमचं जातंय."

आणि चोळत राहिली. अंगठ्यापासून कोपराकडे, कोपरापासून अंगठ्याकडे. मी हिला काय दिलंय आजवर? तो स्कार्फसुद्धा घेतला नाही तिने. हिने खोटं बोलून मागच्या बाकावरून उठायचं, आणि मी त्यावर भाकरी लाटायच्या? ती भाकर मला गिळेल?

मी हात ओढून घेतला. म्हटलं, "खबरदार. एक शब्द जरी तोंडातून काढलास तर याच मोडक्या हाताने थोबाडीत देईन. गेली भाकर तर जाऊ दे. मंडळीला पाकीट हवंय ना, चघळू देत."

"आई..."

"गप्प बस. तेल सांडतंय."

मग ती रडली. मी नाही. डोळ्यांत तेलाचा हात गेला होता.

देवा, माझी सगळी कमाई मी आज सोडली. आता तुझ्याकडे येताना हात रिकामे असणार, त्यातला एक वाळलेला. तसंच घ्यावं लागेल तुला. मला विचारून केलेलं नाहीस हे सगळं, तेव्हा मीही विचारत नाही.

८ मार्च, रविवार

पहिला बाक मी आज ओलांडलाच नाही. मागे गेले. शिंप्याची बायको सरकली. सून म्हणाली, "आई, इथून ऐकू येणार नाही." म्हटलं, पुढे बसून तरी काय ऐकलं मी.

खरंच मागून सगळं दिसतं. कोण डुलक्या घेतो, कोण घड्याळ बघतो, कुणाच्या शर्टाची शिवण उसवलीय. चौथा बाकही दिसतो, तो अजून तिथेच बसतो.

चकत्यांचं ताट आलं. मोडल्याचा आवाज नव्हताच, पाकीट फाडल्याचा आला. सुनेने ताट माझ्याकडे दिलं. मी ते धरलं, बघितलं आणि न घेता पुढे दिलं. हलकं ताट आहे. पण पुढे देईपर्यंत हात भरून आला. तिने हे प्रत्येक महिन्याला कसं केलं, तिलाच ठाऊक.

उपासनेनंतर कुणी घरी गेलं नाही. तमाशा कुणाला चुकवायचा असतो? पंच पुढे रांगेत बसले. मास्तरीणबाई मधोमध. त्या म्हणाल्या, "दोघींनी पुढे यावं."

मी म्हटलं, "इथेच बऱ्या आहोत."

"मग तिथून सांगा. त्या दोन भाकरींबद्दल मंडळीला उत्तर हवंय."

सून उठायला लागली. मी तिचा हात दाबून खाली बसवलं आणि बाकाला धरून स्वतः उठले. पाळकसाहेबांचा आवाज फार बारीक आला, "आजी, उत्तर कोण देणार?"

मी म्हटलं, "आम्ही केली, ताटात ठेवली, आमचं काम तिथे संपलं. तिने तर एक कणही खाल्लेला नाही, तिला कसलं उत्तर मागता? खाल्ली तुम्ही. तेव्हा पहिल्या बाकापासून सुरुवात करा. एकेकाने उभं राहायचं आणि सांगायचं, त्या घासात प्रभू होता की नव्हता. होता म्हणाल, तर तो तिच्या हातून आला. नव्हता म्हणाल, तर त्या दोन रविवारी तुम्ही डोळे मिटून आभार कुणाचे मानलेत? चौथा बाक आला की त्याने जरा जास्त वेळ उभं राहायचं. मास्तरीणबाईंनी मोठा तुकडा घेतला होता, त्यांनी मोठं उत्तर द्यावं. आणि मोठ्याने बोला, आम्ही मागे बसलोय आणि मला ऐकू कमी येतं. चला पाळकसाहेब, मोडली तुम्ही होतीत. आधी तुम्ही."